धरणारा

पहाटे पावणेसहा. लिंकनशरची सपाटी,
कोबीच्या शेतांवर धुकं बसलेलं,
आणि रस्त्याकडेच्या चिंचोळ्या थांब्यात आम्ही तिघं:
एनिड क्रॅब्ट्री, तिची दोन घड्याळं, आणि मी.
घड्याळं मी एकच धरतो,
त्यांचं आजवर भांडण झालेलं नाही.

काम सोपं आहे.
दर मिनिटाला एक जण येतो,
दोन्ही बूट पेडलांत अडकवतो
आणि त्याचा सगळा भार
सीटखालच्या माझ्या मुठीत येऊन बसतो.
थांबलेल्या सायकलला तोल नसतो,
तेवढ्यापुरता मी असतो.
एनिड मोजते, पाच, चार, तीन,
शून्याला मी मूठ उघडतो.
ढकलायचं नाही, असा नियम आहे.
नुसतं सोडायचं.
पुढचे शंभर मैल ज्याचे त्याचे.

एकवीस वर्षं सोडतोय.
त्याआधी मीच सुटायचो, मग गुडघ्यानं राजीनामा दिला.
आता कोण घाबरलंय ते सीटला कळतं
आणि सीटकडून मला.
ओडेट फार्नवर्थ, वय त्रेसष्ट, टेबलासारखी स्थिर.
किलियन, वय सतरा,
पाठीवरचा नंबर आईनं चार पिनांनी टाचलेला,
हातात पाखरू धरल्यासारखा.

तेवीस नंबर आला नाही.
एनिडनं तरीही मोजलं. न आलेल्यालाही त्याचं मिनिट मिळतं.
मी सवयीनं हात पुढे केला होता.
पाच, चार, तीन,
आणि शून्याला रिकामी मूठ उघडली.
चोविसावा गेला.
पंचविसावा माझ्या मुठीत, बूट अडकवून तयार,
तेवढ्यात गावाकडून लायोनेल स्केल्टन,
वाटाण्याच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून थेट.
जुलैत वाटाणा कुणासाठी थांबत नाही,
शेतातून निघाला की दोन-अडीच तासांत गोठवायचा.
त्याच्या नखांत हिरवं होतं.
काहीतरी सांगायला त्यानं तोंड उघडलं.
एनिडनं नजर वर केली नाही:
"तुझं मिनिट गेलं, लायोनेल. पाऊण-दोन मिनिटांवर गेलं.
पुढच्याला आठ सेकंद आहेत. नीघ."

मला दोनच हात, दोन्ही गुंतलेले.
तो एक पाय जमिनीवर ठेवून,
शाळकरी पोरासारखा डगमगत,
कुणी न धरता निघाला.

सत्तराव्या मैलाला चौकात मी बाटल्या घेऊन उभा.
वारा फिरला होता, आता तोंडावर.
लायोनेल आला, पाठ दप्तराच्या फळीसारखी आडवी,
बाटली घेतली, ओळख दिली नाही.
मागे राहिला तो घामाचा आणि शेंगांचा वास.

गावच्या सभागृहात चहाची मोठी किटली,
अक्रोडाचा केक, ओल्या मोज्यांची रांग.
फळ्यावर एनिडचं टपोरं अक्षर:
तेवीस, स्केल्टन. चार तास, एकवीस मिनिटं, दहा सेकंद.
नऊ वर्षं हा माणूस चार-वीसच्या आत येऊ बघतोय,
हे इथल्या केकलासुद्धा ठाऊक आहे.
त्यानं फळा वाचला, मान हलवली,
आणि अक्रोड जास्त असलेला तुकडा निवडला.

मी तळहातावर वजाबाकी केली.
एक मिनिट बावन्न सेकंद उणे.
चार, एकोणीस, अठरा.
पुन्हा केली. तेच.
कप विसळणाऱ्या एनिडच्या कानाशी गेलो.
"मला येते वजाबाकी," ती म्हणाली,
"फळ्याला येत नाही."
आणि बशी उलटी करून निथळत ठेवली.

लायोनेलला सांगावं म्हणून वळलो
तर तो खुर्चीवरच झोपलेला,
हातात अर्धा चहा,
मान, खांदा, सगळा माणूस
हळूहळू डावीकडे चाललेला.
घड्याळं केव्हाच पिशवीत गेली होती.
मी मागे उभा राहिलो
आणि खुर्चीची पाठ धरली.